बारा वर्षांचा बाप

बिडकीनजवळच्या त्या हायस्कूलचा दहावीचा निकाल कधी नव्वदच्या खाली उतरला नाही. गणित शिकवायला धड माणूस नसताना तो कसा लागतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी पाकीट घेऊन रामेश्वर सरांना गणितावर चिकटवलं होतं. सर गाइडातली गणितं फळ्यावर उतरवायचे आणि कुणी शंका काढली की खेकसायचे. मराठीच्या रत्नमालाबाईंना मात्र त्यांना नावं ठेवायची सोय नव्हती. बाईंच्या नोकरीसाठी वडिलांनी, केरबांनी, मेंढरांचा अख्खा कळप विकून काकासाहेबांचं समाधान केलं होतं. बाई शिकवायच्या जीव ओतून, पण तोंड उघडायची वेळ आली की त्यांना कळप आठवायचा.

परीक्षेची या शाळेत एक ठरलेली रीत होती. शेवटच्या तासाला सर पाणी वाटायच्या निमित्ताने आत शिरत आणि उत्तरं सांगत. पर्यवेक्षकाने दारात उभं राहून भरारी पथकाच्या गाडीवर नजर ठेवायची. यंदा गणिताच्या पेपरला दारात रत्नमालाबाई होत्या.

गणित बाप-लेकाच्या वयाचं होतं. सरांनी शेवटच्या ओळीत घोटाळा केला: बाप बारा वर्षांचा, मुलगा चाळीसचा. वर्गाने खाली मान घालून ते उतरवून घेतलं. अपेक्षा नावाची पोर तेवढी अडली, कारण तिने आधीच बरोबर उत्तर काढलं होतं. तिने उत्तरपत्रिका किंचित उचलून बाईंकडे पाहिलं. बाईंचं चित्त रस्त्यावर. त्यांनी हातानेच घाईघाईने खुणावलं, खोड, सर सांगतात ते लिही. पोरीने खोडलं.

एकाच वर्गात एवढे बारा वर्षांचे बाप भेटल्यावर पेपर तपासणारा गप्प कसा बसणार? सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवला गेला आणि बोर्डात सुनावणी लागली. काकासाहेबांनी सगळ्यांना बोलावून काय बोलायचं ते पढवलं. पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं, बस्स. पोरं काय, पुढच्या वर्षी बसतील. शाळा वाचली पाहिजे.

अपेक्षाची आई बानाबाई कंपनीत झाडलोट करायची. ती सुनावणीआधी बाईंना गाठून रडली. पोरीला डिप्लोमा करायचा होता, पण नापासाचा शिक्का बसला तर बाप थांबणार नव्हता. दौलताबादचं स्थळ त्याने बघूनच ठेवलं होतं. बाईंनी धीर दिला खरा, पण देताना त्यांचीच जीभ जड झाली.

सुनावणीच्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या घरून निघताना बाईंनी देवापुढे दिवा लावला. मागितलं काहीच नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

मुलींसोबत एका शिक्षिकेला आत बसायची मुभा होती. अध्यक्ष म्हणून काकासाहेबही मागच्या खुर्चीत रेलून बसले होते. सुनावणी घेणाऱ्या बोर्डाच्या साहेबांनी अपेक्षाची उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. हे बरोबर होतं, मग खोडलंस का, म्हणून विचारलं. बाईंनी ओळखलं, आता पोर आपलं नाव घेणार.

अपेक्षाने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागच्या पोरीचं बघून लिवलं, साहेब. कुणी सांगितलं नाय."

काकासाहेब सैलावले. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि तिचा जबाब लिहायला घेतला. बाईंना स्वतःची किळस आली. सोळा वर्षांची पोर आपल्याला पाठीशी घालते आणि आपण अंग चोरून बसलोय! त्या उठल्या.

"ती खोटं बोलतीय, साहेब. उत्तर रामेश्वर सरांनी सांगितलं. पथक येतं का, ते मी दारात उभं राहून बघत होते. हिनं माझ्याकडं बघितलं, तर खोड म्हणून मीच खुणावलं."

मागून काकासाहेब अगदी मवाळ आवाजात म्हणाले की बाईंची तब्येत बरी नाही, त्यांना बाहेर न्यावं. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि हे लेखी द्याल का, असं बाईंना विचारलं. नोकरीचं काय होईल, याची कल्पना आहे ना, असंही विचारलं.

अपेक्षाने बाईंचा पदर धरला. इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे आता भरून आले होते.

"बाई, बसा ना खाली. मी बशीन पुढल्या वर्षी. तुमी गेल्यावर शाळंत शिकवायला कोण ऱ्हाईल?"

बाईंनी पदर सोडवून घेतला आणि साहेबांकडे कागद मागितला.