मोकळ्या बाजाराचे मामंजी

आमच्या मामंजींना बंद असलेली कुठलीच गोष्ट सहन होत नसे. खिडक्या सताड उघड्या, सदऱ्याचं वरचं बटण कायम सुटलेलं, आणि येता-जाता स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडी टाकायची खोड. मुंग्या लागल्या की बोलणी मात्र मी खायची. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधून मी सून म्हणून शिरूरला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "त्यांच्याशी काय वाटेल ते बोल, फक्त कंट्रोलचा विषय काढू नकोस." मी अर्थातच काढला. त्या दिवशी दुपारची जेवणं दिवेलागणीला झाली.

मामंजींचं धान्याच्या आडतीचं दुकान होतं. शेतकऱ्यानं माल आणायचा, यांनी तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधली दलाली घ्यायची. दिवस धान्यावरच्या सरकारी कंट्रोलचे. घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा, आणि परवान्याशिवाय धान्य पलीकडे नेणं म्हणजे गुन्हा. पुलाशी सरकारचा नाका. एकदा एक म्हातारी पलीकडे दिलेल्या लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, तर तिच्या गाठोड्यातली बाजरीसुद्धा अडवली. मामंजी अनवाणीच नाक्यावर धावले. "अब्बासभाई, आता बाळंतिणीच्या भाकरीला बी परवाना लागतो व्हय?" नाक्यावरचे शिपाई अब्बासभाई बिचारे हात जोडून म्हणाले, "आबा, कायदा मी केलाय का? मुंबईला जाऊन भांडा की!" मग मामंजींनी भर रस्त्यात मुंबईच्या सरकारचा यथेच्छ उद्धार केला. त्यांचं पालुपद ठरलेलं, "माल जिथं भाव हाय तिथं जाऊ द्या. सरकारनं मधी तडमडू नये." सगळी पेठ त्यांना 'मोकळेआबा' म्हणायची आणि पाठ वळली की हसायची.

हसण्यासारखं होतंच म्हणा. मोकळ्या बाजाराचा हा कैवारी स्वतःच्या दुकानात भाव ठरवायचा तो उपरण्याखाली! तशी रीतच होती. आडत्या आणि व्यापारी उपरण्याआड एकमेकांची बोटं दाबणार, आणि ज्याचा माल तो शेतकरी बैलाच्या पाठीवर हात ठेवून दोघांच्या तोंडाकडे बघत उभा राहणार. आत काय शिजलं ते त्याला सगळ्यांत शेवटी कळायचं. मी एकदा न राहवून विचारलं, "मामंजी, बाजार मोकळा आणि हात तेवढे झाकलेले?"

"ती रीत हाय, सूनबाई," ते शांतपणे म्हणाले. "रीतीला कुणी कंट्रोल म्हनत न्हाई."

अखेर सरकारनं एकदाचा कंट्रोल उठवला. मामंजींनी पेठेत जिलेबी वाटली. नाक्यावर जाऊन अब्बासभाईंना स्वतःच्या हातानं भरवली आणि वर त्यांनाच विचारलं, "आता तुमची बदली कुठं?" घरात दिवाळीला नसेल एवढा थाट. मीसुद्धा जरीकाठी लुगडं नेसून मिरवले, उगाच कशाला खोटं बोलू!

पुढचा बाजार आला. मांडवगण फराटा गावच्या बाजरीच्या गाड्या आमच्या दारात सुटायच्या, त्या आल्या, पण सुटल्या नाहीत. पलीकडे पाऊस दगा देऊन गेला होता आणि बाजरीचा भाव चढा होता. "रामराम आबा, बैलांना वाईच पानी पाजतो आन् निघतो," गाडीवान म्हणायचे. मामंजी स्वतः बादली उचलून द्यायचे, वर पलीकडचा रस्ता कुठं खराब आहे तेही सांगायचे. मी दारात उभी राहून कपाळाला हात लावत होते. इतकी वर्षं शिव्या घातल्या तो नाकाच आमचं गिऱ्हाईक आमच्या दारात कोंडून ठेवत होता, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. एक आमच्या मामंजींना तेवढं नव्हतं.

दिवाळीपर्यंत दुकानात उंदीरसुद्धा उपाशी फिरायला लागले. पेठेतल्या आडत्यांनी ठरवलं, मामलेदारांकडे जायचं आणि नाका परत मागायचा. बोलायचं मात्र मोकळेआबांनीच. ज्यानं नाका उठवा म्हणून जन्मभर आरडाओरडा केला तोच परत मागतोय म्हटल्यावर सरकारवर वजन पडेल. आमचे हे कधी वडिलांसमोर मान वर करून बोलले नव्हते, पण त्या दिवशी हात जोडले. "आबा, दुकान चाललंय हातचं. पोरांकडं बघून एवढं एक डाव बोला." मीही पदर पसरला. मामंजी उठले. कोट घातला, टोपी झटकली आणि ह्यांच्यासोबत निघाले. मी देवापुढे साखर ठेवली.

तासाभरात हे परत आले ते लालबुंद होऊन. मामलेदारांनी विचारलं, "काय आबा, नाका पाहिजे म्हणता?" मामंजी उठून उभे राहिले. म्हणाले, "सायेब, माझं दुकान बसलं हे खरं हाय. पर दुकान माझं, बाजरी त्यांची. नाका घालू नका." एवढ्यावर थांबतील तर ते मामंजी कसले! आणखी काय काय उठवायला पाहिजे, ते मामलेदारांना पुढे बराच वेळ समजावत बसले. बाकीचे आडते केव्हाच उठून गेले होते.

दुकान बंद झालं. दलालीपोटी मिळून घरात उरलेली बाजरीची पोती मामंजींनी गाडीत भरली आणि स्वतः पूल ओलांडून पलीकडच्या बाजाराला नेली. संध्याकाळी परतले ते लग्नघरातून आल्यासारखे फुललेले.

"सूनबाई, काय भाव लागला म्हनून सांगू! आपल्या पेठेत सात जन्मात मिळाला नसता!"

माझा तोल सुटला. "आणि उद्या काय विकायचं, मामंजी?"

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग हळूच म्हणाले, "उद्याचं मला बी कळत न्हाई, पोरी. पर मी म्हनत हुतो ते खरं निघालं का न्हाई?"

मी ताट वाढलं. त्या रात्री मामंजी पोटभर जेवले. घरात दुसरं कुणीच जेवलं नाही.