‘झालंच’ म्हणजे कधी?

पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात मखमलीवर एक लाल बटण ठेवलेलं दिसलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दाबून पाहुणे डायलिसिसच्या वेळा ठरवून देणाऱ्या अ‍ॅपचं लोकार्पण करणार होते. आमचे साहेब अ‍ॅप तपासणाऱ्या रेवतीच्या टेबलाशी आले.

“झालं ना?”

“झालंच, सर.”

शब्दाला ‘च’ लावला की तो ठाम होतो म्हणतात. पण ‘आलोच’ म्हणणारा अजून घरातच असतो, आणि ‘झालंच’ म्हणजे व्हायचं आहे. साहेबही मराठीच, त्यामुळे ते खुर्ची ओढून बसले.

“काय राहिलंय?”

“कधीकधी एकाच मशीनवर दोन पेशंटांना एकच वेळ देतंय.”

“कधीकधीच ना? नंतर दुरुस्त करू. मुहूर्त काढलाय, बाई.”

“मग त्या दुसऱ्या पेशंटला तुम्हीच सांगा, मुहूर्त चांगला होता म्हणून.”

तारखेशी माझं वैर नाही. तारीख नसती तर आपण सगळेच जन्मभर ‘झालंच’ म्हणत राहिलो असतो. पण तारखेला फक्त उजाडता येतं. कामं पुरी करणं तिच्या हातात नसतं.

साहेब उठले आणि पाहुण्यांना फोन लावायला बाहेर गेले.

पाडव्याला दवाखान्यातल्या वेळा नेहमीसारख्या फोनवरूनच ठरल्या. आलेल्या प्रत्येकाला मशीन मिळालं. त्याचा समारंभ कोणी केला नाही.