फाटकाबाहेरची भाषा

संध्याकाळी लोखंडाच्या भट्टीतली वितळलेली मळी ओतली, की सुपेला वस्तीच्या बाजूचं आभाळ क्षणभर तांबडं व्हायचं आणि मोहाच्या फुलांच्या आंबूस वासात डिझेलचा, उकरलेल्या मातीचा वास मिसळून जायचा. त्या उजेडात मला आजही वामनची सायकल दिसते.

आम्ही दोघेही नागपूरकडचे, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उभारणीवर एकाच ड्रॉइंग ऑफिसात लागलेले. सकाळी सायकलींवर मराठीत मनसोक्त बडबडत निघायचं आणि फाटक आलं की मराठी बंद, हा आमचा शिरस्ता. आत आपसांत मराठी बोलणारे गटबाजी करतात असा समज होता, आणि साहेब मान वळवून पाहत ते फक्त इंग्रजी बोलणाऱ्याकडे. फाटकाशी उतरताना वामन रोज म्हणायचा, "चाल बाप्पा, विलायत आली." आत गेल्यावर मात्र तो गप्प होई. बैठकीत त्याच्या कामाबद्दल मीच बोलत असे, आणि त्याची शाबासकी हळूहळू माझ्याकडेच येत गेली.

त्या चैत्रात विभागप्रमुखाची जागा निघाली. वामन सर्वांत जुना. जागा मलाही हवी होती. आम्हा दोघांना समोर बसवून साहेबांनी सवयीनं मलाच विचारलं, याला झेपेल का? वामन माझ्याकडे भरवशानं पाहत होता. मी सफाईदार इंग्रजीत सांगितलं, की माणूस प्रामाणिक आहे, पण चार लोकांसमोर उभं करण्याजोगा नाही. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की उच्चारताना जिभेला कुठे खरचटलंही नाही. वामन हसतमुखानं बसून होता. त्याला कळलं नसणार, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी फाटकाबाहेर आलो तेव्हा आभाळ तांबडं झालं होतं. सायकल हातात धरून तो चालू लागला. मग म्हणाला, "मले समजते रे इंग्रजी. बोलता नाही येत, एवढंच." आणि सायकलवर टांग टाकताना, आवाज न चढवता, "हेच मराठीत म्हनता आलं असतं का तुले?"

पावसाळ्याआधी तो नोकरी सोडून गेला. भिलाईचं ऊन त्याला मानवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो वारल्यावर त्याच्या मुलांनाही तेच. ते खरं नव्हतं. जागा मला मिळाली, आणि पुढे घरातही माझं नाकारणं, टाळणं, रागावणं इंग्रजीतच होऊ लागलं.

ते वाक्य मराठीत मी आज प्रथमच लिहिलं. रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. 'माणूस प्रामाणिक आहे' इथपर्यंत आवाज साथ देतो.