वीस मिलिमीटर जास्तीचे

कोल्हापुरात खरं बोलणारी माणसं शोधली तर सापडतील, पण मापात बोलणारा माणूस एकच, आणि तो साडू म्हणून माझ्याच वाट्याला आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर जाडी मापायचा व्हर्निअर तेवढा घरी घेऊन आले. तो कायम शर्टाच्या खिशात असतो, लग्नाला असो, मयताला असो. ताटात पडलेली भाकरी ते आधी मापतात, मग मोडतात. "कडंला साडेचार, मधी सहा," असं एकदा म्हणाले तेव्हा मेव्हणीनं चुलीवरचा तवा उचलून विचारलं होतं, "आणि ह्यो किती भरतोय, डोस्क्यात घालून बघू काय?" माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा या गृहस्थांनी मुलाच्या बापाच्या बोटातली अंगठी मापून 'बोटाला सैल हाय, आंघोळीला जाताना काढत जावा' असा सल्ला दिला. लग्न जमलं ते मुलीच्या गुणांमुळं.

मी पडलो व्यापारी माणूस. हातकणंगल्यात भंगाराची हातगाडी ढकलत सुरुवात केली, आज जुन्या मशिनी घेतो आणि विकतो. सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं मला अपमान वाटतो, आणि माझा आवाज चढायला फार वेळ लागत नाही. तरीही आमचं जमलं, ते सायकलीमुळं. पन्नाशी उलटल्यावर, परगावी निघालेल्या एका माणसाकडून डोंगरात चालवायच्या दोन सायकली मी एकीच्या भावात पाडून आणल्या. एक साडूंना दिली. दर रविवारी सकाळी डांबरी रस्त्यानं जोतिबाच्या डोंगरावर चढायचं, मागच्या पायवाटेनं दगडधोंड्यांतून उतरायचं आणि पायथ्याशी मिसळ खायची, असा आमचा नेम होता. उतरताना मी ओरडत यायचो. साडू गप्प यायचे, पण खाली पोचल्यावर त्यांचं तोंड लग्नातल्या करवल्यासारखं फुललेलं असायचं.

मग एक दिवस हमालांशी भाव जुळेना म्हणून रागाच्या भरात मी ड्रिल मशीनचं एक टोक स्वतःच उचललं आणि कमरेतली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही करायचं नाही. आठ दिवसांत मी माझी सायकल विकून टाकली, तीही फायद्यात, आणि भिंतीकडं तोंड करून झोपलो.

आणि नेमकी हीच वेळ साधून साडूंनी स्वतःच्या सायकलीचा मागचा भाग मऊ करायला घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सायकलीला मागं शॉकअप असतो. चाक दगडावर चढलं की तो दाबला जातो आणि चाक वर सरकतं. जेवढं सरकेल तेवढा धक्का माणसाला कमी लागतो. साडूंचं चाक एकशेवीस मिलिमीटर सरकत होतं, त्यांना एकशेचाळीस पाहिजे होतं. त्यासाठी मोठ्या दांड्याचा शॉकअप पाहिजे आणि चाकाला त्याच्याशी जोडणारी पट्टी नव्यानं घडवायला पाहिजे. हे सगळं ते माझ्या अंथरुणाशी बसून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवायचे. "वीस मिलिमीटर म्हंजे, पावणं, ह्ये एवढं," म्हणून व्हर्निअर उघडून माझ्या नाकापुढं धरायचे.

"मी हितं पालथा पडलोय, आणि तुम्हाला गादी मऊ पायजे व्हय?" मी एकदा ओरडलोच.

"ओरडू नका वो, कमरंला ताण बसतोय," एवढं बोलून ते पुढची रेघ ओढायला लागले.

पट्टी त्यांनी उद्यमनगरातल्या जुन्या मालकाच्या मशीनवर, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरली. आठवडा गेला. केसाच्या जाडीइतकाही फरक नव्हता. जुन्याच शॉकअपला जोडून बघितली, आणि चाक दबल्यावर टायर सांगाड्याला घासायला लागला. साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "चाकाचं माप घेतलं तवा टायरात हवाच न्हवती." मी इतका हसलो की कंबर आणखी चार दिवस धरली. त्यांनी दुसरा ठोकळा घेतला.

मी काठी घेऊन चालायला लागलो तेव्हा ते मला फिरायला म्हणून गूळ बाजारात घेऊन गेले. तिथं रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, वजनकाट्यापाशी थांबून त्यांनी पिशवीतून माझं हेल्मेट काढलं, माझ्या डोक्यावर ठेवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "उभं ऱ्हावा की जरा." काटा चौऱ्याण्णववर थांबला. तोलाईवाला म्हणाला, "माल चांगला हाय, पर ओला दिसतोय," आणि अख्खा बाजार हसला. साडूंनी मात्र आकडा तळहातावर लिहून घेतला. तो अपमान मी गिळला.

दुकानातला मात्र नाही गिळला. ते शॉकअप घ्यायला निघालेत म्हटल्यावर, रागात असूनही, मी काठी टेकत सोबत गेलो. माझा साडू सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणार हे मला बघवलं नसतं. वापरलेलाच शॉकअप होता. मी अर्धा तास घालवला, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, आणि दुकानदाराला घाम फोडून निम्म्यावर आणला. तो 'बरं' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात साडूंनी व्हर्निअर काढून दांडा तीन ठिकाणी मापला, उन्हात धरून फिरवला आणि म्हणाले, "न्हाय पावणं. ह्येला ओरखडासुदीक न्हाय. त्यांनी सांगितली तीच किंमत बरोबर हाय." आणि मोजून तेवढे पैसे दिले! तीस वर्षांच्या धंद्यात माझा सौदा माझ्याच माणसानं मोडला नव्हता. मी रिक्षा करून घरी आलो आणि चार महिने त्यांच्याशी बोललो नाही. दोघी बहिणींचे डबे मात्र इकडून तिकडं चालूच राहिले.

डॉक्टरांनी मला सायकलीला परवानगी दिली ती याच काळात. मी कुणाला सांगितलं नाही. सायकल नव्हती हे एक, आणि त्या पायवाटेची मला भीती वाटत होती हे दुसरं. बायकोनं बहुतेक डब्याबरोबर ही बातमीही पाठवली असावी, कारण एका शनिवारी सकाळी साडू सायकल हातात धरून फाटकात उभे.

"बसा," ते म्हणाले.

"कोण?"

"तुम्हीच की. हिकडं दुसरं कोण हाय?"

त्यांनी हँडल धरलं, मी बसलो. मागचा भाग हळूच खाली गेला आणि थांबला, ओळखीच्या खुर्चीत बसावं तसा. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. दांडा जेवढा आत जाईल तेवढी ती सरकते आणि तिथंच राहते. मी उतरल्यावर साडूंनी वाकून मापलं. "साडेसोळा. बरोबर."

मी म्हणालो, "आता तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"बसा म्हणतो न्हवं!"

ते बसले. बावन्न किलोचा माणूस. कडी जेमतेम सहा सरकली. मी मशिनींचा व्यापारी आहे, कुठली मशीन कुणाच्या भारासाठी लावली आहे हे मला कुणी सांगावं लागत नाही. त्यांना उतरू न देता मी हळू आवाजात विचारलं,

"आधी सांगायला काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विसाचं पंधरावर आणलं असतं."

"आणि दुकानात?"

"स्वस्तातला शॉकअप तुमच्या कमरंखाली घालू व्हय?"

"मग तुम्ही कशावर येणार?"

साडूंनी गुडघ्यावर हात फिरवला. "ह्यो वाजतोय गेलं वरीसभर. मी मिसळीपाशी थांबतो."

म्हणजे पहिली रेघ ओढली तेव्हाच त्यांना माहीत होतं.

तेव्हापासून दर रविवारी मी उतरतो आणि ते पायथ्याच्या बाकड्यावर बसून असतात. मी पोचलो की आधी कडी मापायची, मग मिसळ सांगायची. पन्नासच्या पुढं गेली, म्हणजे चाक जवळजवळ पुरतं सरकलं, की त्यांचा चेहरा तसाच फुलतो. "वीस मिलिमीटर वाया न्हाय गेलं बगा." पण अलीकडं माझा हात ब्रेकवरून निघत नाही. मोठा दगड आला की मी उतरून चालतो. कडी अडतिसावर राहते. म्हणून शेवटच्या वळणावर, करंजीच्या झाडाखाली, मी थांबतो आणि अंगठ्यानं ती बावन्नवर सरकवतो. आयुष्यात कुणाला काही जास्तीचं दिलं असेल तर एवढंच.

गेल्या रविवारी ते वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. दांडा खरंच आत गेला असता तर त्याच्यावरची धूळ पुसली गेली असती. अडतिसाच्या पुढं ती तशीच होती, आणि तिच्यात माझा अंगठा उमटला होता. भाकरीचा अर्धा मिलिमीटर न सोडणारा माणूस तो.

"बावन," साडू म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला, कडी परत शून्यावर आणली आणि व्हर्निअर मिटून खिशात ठेवला.

"पावणं," मिसळीचं ताट माझ्याकडं सरकवत ते म्हणाले, "आज लई जोरात आलासा."