अकरा नंबरचा रकाना

दार-एस-सलामहून बसने दिवसभराच्या अंतरावरच्या आमच्या मोशीत परदेशी माणसाला कामाचा परवाना हवा असला की तो आधी कचेरीत जातो, गोंधळून बाहेर येतो आणि मग समोरच्या झाडाखाली बसलेल्या अनाएलीच्या आईपुढे उभा राहतो. काही शहाणे थेट तिच्याकडे येतात. पण गोंधळून आलेल्यांवर तिचा जीव जास्त.

तिचं खरं नाव एलिआईची, आडनाव ममारी. पण पहिलं मूल झालं की आमच्याकडे बाईचं नाव पेटीत जातं आणि ती अमक्याची आई होते. वय चोपन्न, चष्मा दोरीने गळ्यात, पुढ्यात एक टेबल आणि लॅपटॉप. लॅपटॉपची वायर मागच्या न्हाव्याच्या दुकानात गेलेली. न्हाव्याने मशीन सुरू केलं की हिचा पडदा लुकलुकायचा.

इतर अर्जवाले तासाभरात अर्ज भरून देत. हिला आठवडा लागे, कारण बाईला एकच व्यसन होतं: चौकशी. "तुझं काम मला कळल्याशिवाय मी साहेबाला काय कळवू?" असं म्हणून ती गिऱ्हाइकाच्या मागोमाग त्याच्या कामावर जायची. ग्रीसच्या मधमाशीवाल्याचा अर्ज तिने एकच डोळा उघडा ठेवून भरला, कारण दुसरा सुजून बंद झाला होता. कोरियाचा दंतवैद्य येऊन गेल्यापासून ती लोकांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची. "कसा आहेस? घरचे बरे? गाई बऱ्या? आणि ती डावीकडची दाढ दाखवून घे."

मार्चमध्ये डेन्मार्कचा येपे आला. उंच, वाकलेला, बोलताना प्रत्येक शब्दाची माफी मागितल्यासारखा. डोंगरावरच्या लुथेरन चर्चमध्ये जर्मन लोकांच्या काळचा पाइप ऑर्गन आहे. अकरा वर्षं तो मुका होता आणि त्यात उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. तो दुरुस्त करायला चर्चने येपेला बोलावलं होतं. काम दोन वर्षांचं. पाहुणा म्हणून राहायची मुदत महिनाभराची.

अर्जात अकरा नंबरचा एक रकाना असतो: हे काम तुमच्याकडून इथला कोण माणूस शिकणार? म्हणजे दोन वर्षांनी तो काम सांभाळेल आणि तुम्ही आपल्या घरी जाल. हा रकाना कसा भरायचा ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा तरी भाचा घालायचा. चर्चच्या अध्यक्षांचा गॉडलिसन नावाचा भाचा होता, तो घातला. तो दार-एस-सलाममध्ये मोबाइल विकत होता आणि आपण ऑर्गन शिकतोय हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. याला आमच्याकडे कुणी लबाडी म्हणत नाही, टापटीप म्हणतात.

मग अनाएलीची आई "अर्धा तास काम बघून येते" म्हणून डोंगरावर गेली आणि तीन आठवडे जात राहिली.

"ही नळी एवढीशी का?"

"स्वर उंच आहे म्हणून."

"आणि ही लाकडाची का?"

"आई, मी जरा हे चिकटवून..."

"तू चिकटव रे. तोंड तर रिकामं आहे ना?"

दुसऱ्या आठवड्यात तिने ऑर्गनच्या भात्याचं फाटलेलं चामडं सोलून काढलं. तिसऱ्या आठवड्यात एक नळी फुंकली, कान वाकडा केला आणि म्हणाली, "ही रडतेय." येपेने स्वर मोजायचं यंत्र लावून पाहिलं. नळी रडत होती.

कचेरीत मुलाखतीचा दिवस आला तेव्हा येपेच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. परवाना नाही तर विमान; आणि ऑर्गनचे तर सगळे अवयव चर्चच्या बाकांवर मांडलेले. साहेब नवीन होते, म्सांगी नावाचे, पारे डोंगरातले. पारे आणि आम्ही चग्गा या दोन जमातींत वाडवडलांपासून थट्टेचं नातं आहे. भेटल्याबरोबर एकमेकांची सालं काढली नाहीत तर घरी काही दुखणं आहे का, असं विचारतात.

"या," साहेब म्हणाले. "चग्गा बाई, तुम्ही प्रार्थनेतही देवाशी घासाघीस करता म्हणे?"

"करतो ना. पण तुमच्यासारखं कोंबडीसाठी कोर्टात जात नाही. कोंबडी म्हातारी होऊन मरते, खटला आपला चालूच!"

साहेब पोट धरून हसले आणि लगेच गंभीर होऊन येपेकडे वळले. "भाता दुरुस्त कसा करतात?"

येपेने घसा साफ केला. तेवढ्यात शेजारून उत्तर आलं, "साहेब, आधी जुनं चामडं वाफ देऊन सोडवायचं. ओढायचं नाही, लाकूड फाटतं."

"आणि स्वर उतरलेला असला तर?"

"कुठली नळी आहे त्यावर आहे. शिशाची असेल तर..." आणि बाई सुटली. हात हवेत, चष्मा कपाळावर. येपेने टेबलाखालून तिला पाय मारला. तो तिला लागला, पण कळला नाही.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एवढं सगळं आपल्या बाईला येतं, तर हा माणूस डेन्मार्कहून कशाला आणायचा?"

एकोणीस वर्षांत तिचा एकही अर्ज परत आला नव्हता. आणि हा तिने स्वतःच्या तोंडाने बुडवला होता.

"साहेब, मला येत कुठे? नुसतं ऐकलंय."

"आणि हा गॉडलिसन? तो काय शिकला?"

"तो..." तिने येपेकडे पाहिलं. येपे जमिनीकडे बघत होता. "साहेब, गॉडलिसन मोबाइल विकतो."

"हं. म्हणजे कागदावर आहे त्याला काही येत नाही, आणि जिला येतं ती कागदावर नाही." साहेबांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. "अकरा नंबर खोडा. स्वतःचं नाव घाला. रोज सकाळी आठ ते एक तिथं हजर. मी केव्हाही येऊन बघेन. जमत नसेल तर याला शुक्रवारी विमानात बसवा."

"आणि माझं टेबल?"

"दुपारी लावा."

"गिऱ्हाइकं सकाळीच येतात. दहा ते एक करा."

"नऊ."

"साडेनऊ, आणि शनिवारी सुट्टी."

"देव तुमच्यापुढे कसा टिकतो हो?" साहेब म्हणाले. "बरं, साडेनऊ. शनिवारचं नाव काढू नका."

तिने लिहायला घेतलं. हजारभर लोकांना विचारलेले प्रश्न आता तिलाच उत्तर मागत होते. शिक्षण: सातवी. अनुभव: या शब्दापाशी ती बराच वेळ थांबली, मग 'तीन आठवडे' लिहून खाली दोनदा रेघ मारली.

शिक्का बसला. दारापाशी ती वळली. "साहेब, समजा दोन वर्षांचं मी एकाच वर्षात शिकले तर?"

"तर याचं इथलं काम संपलं. एका वर्षात घरी."

येपेचा चेहरा उतरला. त्याला मोशी आवडायला लागलं होतं. केळ्याच्या म्तोरी सूपचे दोन वाडगे तो एका बैठकीला संपवायचा.

"घाबरू नकोस," बाहेर आल्यावर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं. "अगदी सावकाश शिकते. आठवड्याला एकच प्रश्न. शपथ."

दोघं दालादाला मिनीबसमध्ये बसले. गाडी भरेपर्यंत ती गप्प राहिली. बाजार गेला, पूल गेला, तरी गप्प. चढ लागला तशी तिने दोनदा तोंड उघडून मिटलं.

"येपे," ती म्हणाली, "लाकडी नळीचा आवाज शिशाच्या नळीपेक्षा मऊ का रे येतो?"

येपेने उत्तर देण्याऐवजी खिडकीबाहेर बघत तिच्या गाईंची चौकशी सुरू केली.