वाकडं नाक

कमी दिवसांची बाळं ठेवलेल्या खोलीच्या दाराशी ती टेबल टाकून बसायची. आत काचेच्या पेट्यांत मुठीएवढाले जीव, बाहेर त्यांचे आजी-आजोबा, काका, मावश्या, आणि मधे ही सिस्टर. येईल त्याच्या नाकात काडी घालायची, ती बाटलीतल्या पाण्यात घुसळायची, चार थेंब पट्टीवर पिळायचे आणि पंधरा मिनिटांचा गजर लावायचा. एकाच पट्टीवर तीन व्हायरस कळायचे. फक्त वरची रेघ आली तर माणूस आत, खाली आणखी एखादी उमटली तर घरी. मोठ्या माणसाची साधी सर्दी आतल्या बाळाचा श्वास बंद पाडते, हे तिनं मागच्या हिवाळ्यात दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिची काडी खोल जायची. बाईची काडी थेट मेंदूला हात लावून येते, असं लोक म्हणत. एका जावयानं तर विचारलं होतं, "सिस्टर, आत काही हरवलंय का तुमचं?" तिनं काडी आणखी दोन वेढे फिरवली होती.

त्या दुपारी समोरच्या खुर्चीवर तिचा थोरला भाऊ येऊन बसला. आतलं अकरा दिवसांचं, सव्वा किलोचं एक बाळ त्याच्या लेकीचं. लेकीची आई तीन वर्षांमागेच गेलेली. माहेरचं म्हणून बाप आणि ही आत्या, एवढीच दोन माणसं. आणि बापाला चार वाजता ट्रक घेऊन निघायचं होतं ते दोन महिन्यांसाठी. ताप, खोकला, सर्दी आहे का, असं तिनं रीतसर विचारलं. तो नाही म्हणाला.

"बेतानं घाल," मास्क खाली ओढत तो म्हणाला. "एकदा मोडलंयस, तेवढं पुरे."

नाक तिनंच मोडलं होतं. सात वर्षांची असताना चिडून दगड भिरकावला आणि तो नेमका बसला. तेव्हापासून नाक डावीकडं कललेलं. घरी मात्र यानं सांगितलं, झाडावरून पडलो. चाळीस वर्षं झाली, ते नाक समोर आलं की तिची नजर आपसूक खाली जायची. आज तर त्यातच काडी घालायची होती. तिनं हात आखडता घेतला. काडी बोटाच्या पेराएवढी गेली न गेली, दोन वेढे झाले आणि बाहेर. भावाच्या डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही.

पंधरा मिनिटांनी वरची रेघ ठळक, खाली कोरं. तिनं वहीत निगेटिव्ह लिहिलं. भाऊ हात धुऊन गाऊन चढवू लागला. काचेपलीकडून भाचीनं हात केला. नाड्या बांधता बांधता त्यानं घसा खाकरला. हळूच, भिंतीकडं तोंड करून.

तिनं पुन्हा पट्टीकडं पाहिलं. वरची रेघ पाणी पट्टीवरून नीट वाहिलं एवढंच सांगते. काडी कुठवर गेली होती, ते पट्टीला कुठून कळणार? ते जगात हिला एकटीला माहीत.

भावानं दाराला हात घातला तशी ती उठून आडवी उभी राहिली.

"दादा, परत बस. मी नीट घेतली नाही."

"आली ना तुझी रेघ?"

"बस म्हणते ना."

तो बसला. या खेपेला तिनं आधी सरळ नाकपुडीत, मग वाकडीत काडी घातली. सबंध आत, पाच पाच वेढे. त्यानं खुर्चीचे हात आवळून धरले. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं.

"दगड बरा होता," तो म्हणाला.

पट्टी भिजत गेली. भाची काचेपाशी तशीच उभी, काय चाललंय ते तिला कळेना. आठव्या मिनिटाला खाली पेन्सिलीच्या सावलीसारखं काही दिसलं. पाहता पाहता ते गुलाबी झालं.

मग भावानं कबूल केलं. दोन दिवस घसा धरलाय, सकाळी गोळी घेतली. खरं सांगितलं असतं तर नातवाचं तोंड बघायला मिळालं नसतं, म्हणून गप्प बसलो. ती रागावली नाही. रागवायला तिला तोंड नव्हतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावू नकोस, एवढंच म्हणाली.

"पोरीला काय सांगू?" गाऊन डब्यात टाकत त्यानं विचारलं.

"आत्यानं हाकललं म्हणून सांग."

"ती म्हणेल, दुसरं कोण हाकलणार."

काचेकडं लांबूनच हात करून तो जिना उतरला.

तिनं वही ओढली. आधीचं निगेटिव्ह खोडलं नाही. त्याच्याशेजारी लिहिलं, 'काडी आत घातली नव्हती. चूक माझी.' खाली सही केली आणि हातमोजे बदलले. तोवर कुणाची तरी आजी खुर्चीत येऊन बसली होती.

"हळू घाल गं बाई."

"हळू घालून चालत नाही आजी," ती म्हणाली. "मान मागं टेकवा."