औषध न दिलेली बाटली

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. पिंपळ, पांढरी साडी आणि नेमकी तिथेच बंद पडणारी स्कूटर... स्कूटरचा प्लग वेळेवर साफ केला असता तर निम्मी भुतं बेरोजगार झाली असती, असं माझं मत होतं. अजूनही आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. यात भूत नाही, अमावास्या नाही. एक प्लॅस्टिकची चपटी बाटली आहे, आणि माझी वहिनी.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी नाशिकला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो आणि दुपारनंतर द्वारका चौकाच्या अलीकडे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचो. तिचं उद्घाटन थाटात झालं होतं. अध्यक्षांनी फीत दोनदा कापली, कारण पहिल्यांदा फोटोग्राफर पेढा खात होता. इन्क्युबेटरला हार घातला, कुंकू लावलं. अध्यक्षांच्या भाषणानंतर बऱ्याच पाहुण्यांचा समज झाला की त्यात अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवणार आहेत.

ठेवायच्या होत्या कॅन्सरच्या पेशी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा घ्यायचा, पेशी सुट्या करायच्या आणि बाटलीत, गुलाबी पोषक द्रवात, शरीराइतक्याच उबेत वाढवायच्या. बहुतेक मरतात. क्वचित एखाद्या गाठीच्या पेशी तग धरतात आणि वाढतच राहतात — तिची मग ‘सेल लाइन’ होते. माणूस राहो न राहो, ती राहते, आणि तिच्यावर औषधं तपासता येतात. आमच्याकडे तग धरणारी पहिली गाठ निघाली माझ्या सख्ख्या वहिनींची. अध्यक्षांना या लाइनला आपल्या कैलासवासी वडिलांचं नाव द्यायचं होतं. पेशी स्तनाच्या गाठीच्या आहेत असं सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

दादा-वहिनींची निफाडजवळ द्राक्षांची बाग. “कापून टाकणारच हाय तर घ्या की,” एवढीच वहिनींची संमती. पुढे केमोसाठी नाशिकला आल्या की आधी चौकशी —

“काय म्हणतात आमच्या लेकी? खात्यात का नीट?”

“तुमच्यापेक्षा जास्त.”

“खाऊ द्या. मला तर पाणीबी वास मारतंय. त्यांचीच बडदास्त हाय, भाऊजी.”

मी त्यांच्या पेशींच्या काही बाटल्यांत वेगवेगळी औषधं थोडी थोडी घालून बघत होतो आणि एक बाटली ‘कंट्रोल’ म्हणून ठेवली होती. कंट्रोल म्हणजे जिला काहीच द्यायचं नाही. बाकीच्यांत जे घडतंय ते औषधामुळेच, हे तिच्या आधारावर ठरतं. तिच्यात काही घडून चालत नाही.

घडलं.

जिवंत पेशी तळाला चिकटून पसरलेल्या असतात; मरायला लागल्या की गोल होतात, सुटतात, तरंगतात. एका सकाळी कंट्रोलमधल्या पेशी तरंगत होत्या. मी पोषक द्रव पुरवणाऱ्याला शिव्या घातल्या. उरलेल्या पेशी सावरल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी वीज मंडळाचा नंबर लागला. पण त्याच फळीवर, त्याच द्रवातल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या पेशी ठणठणीत होत्या... तिसऱ्या वेळी मी बाटली निरखत असतानाच दादाचा फोन आला. “अरे, कालच्या सलाइनपासून हिला लय उलट्या होत्यात, डॉक्टरांना विचार ना.”

कालचं सलाइन. मी मागच्या दोन वेळा आठवून पाहिल्या. दोन्हीच्या आदल्या दिवशी वहिनींची केमो झाली होती.

योगायोग! हा शब्द मी आयुष्यभर इतरांच्या तोंडावर फेकलाय. तो नीट सिद्ध व्हावा म्हणून कंट्रोलमधल्याच पेशींची एक बाटली पुण्याच्या एका मित्राच्या प्रयोगशाळेत पाठवली. कुणाची ते सांगितलं नाही, केमोचं तर नाहीच. पुढच्या केमोच्या दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन.

“काय पाठवलंयस रे? कालपर्यंत छान गालिचा होता, आज नुसतं सूप झालंय.”

“तू काही घातलंस का?”

“मी कशाला घालू? ठेव म्हणालास, ठेवली. वर मलाच विचारतोयस!”

फोन ठेवल्यावर मी कॅलेंडरवर केमोच्या तारखांभोवती गोल काढले.

उपचार संपले, तपासण्या स्वच्छ आल्या. दादाने वॉर्डभर द्राक्षं वाटली. माझ्या बाटलीत चार-दोन पेशी उरल्या होत्या, निवांत. जवळजवळ वर्षभर तशाच. आणि मग त्या वाढायला लागल्या. आठवड्याभरात तळ भरत आला.

वहिनींची पुढची तपासणी अजून लांब होती. सांगावं तर कशाच्या जोरावर? एखाद्या बाबाने लिंबू कापून हेच सांगितलं असतं तर मी त्याला पोलिसात दिलं असतं. न सांगावं, तर... मी निफाडची एसटी पकडली.

वहिनी अंगणात शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकलं, हात थांबला नाही.

“म्हणजे मी इथं बसलेली, आन् तिथं तुम्हाला माझं समदं दिसतं का?”

“दिसतं की नाही, तेच कळत नाही.”

“येवढं शिकून काय उपयोग मग!” त्या हसल्या. मग सूप बाजूला सारलं. “ह्यांना सांगू नका. कापड घ्यायला नाशिकला चाललो म्हनू.”

डॉक्टर वैतागले. आत्ता यायला कुणी सांगितलं? “भाऊजींना शंका आली,” वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी आजवर ज्योतिषांकडे पाहत आलो होतो. काखेत लहानशी गाठ निघाली. “लवकर सापडली, नशीब तुमचं.” पुन्हा ऑपरेशन, पुन्हा सलाइन. बाटली पुन्हा ओस पडत गेली.

खरा प्रयोग आता उघड होता, आणि तो वहिनींनाच सुचला. “मग बाटलीतच टाका ना जालीम औषध! मला कशाला टोचायचं?”

“आजवरचे डोस किरकोळ होते. सगळी बाटली मारायला गेलो आणि बाटलीबरोबर तुम्हालाच काही झालं तर?”

तो प्रयोग आम्ही केला नाही. ‘पडताळून बघा’ हे माझं अंधश्रद्धेविरुद्धच्या भाषणांतलं लाडकं वाक्य; ते त्या दिवसापासून मला म्हणवेना.

दोनेक वर्षांनी ट्रस्टचा उत्साह संपला. खोल्या सीटी स्कॅनला हव्या होत्या. सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतून त्या नष्ट करा, असा निरोप आला. मी वहिनींना म्हटलं, तुमची पुण्याला पाठवतो. त्या म्हणाल्या, आधी दाखवा.

तीन जिने चढून आल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“येवढंसंच?”

“एवढंच. मित्र सांभाळेल.”

“नको.”

“वहिनी, पुढे काही झालं तर कळायचं कसं?”

“बाकीच्या बायांना कळतं तसं.” त्यांनी डोळा काढला. “भाऊजी, तुम्ही माझ्याशी बोलता का त्या बाटलीशी? ताट वाढलं तरी आधी माझं तोंड निरखता. मला घरात फिरायची चोरी झाली. आना ते ब्लीच.”

“मी ओततो.”

“माझं हाय. मी ओतनार.”

ओतलं. मी त्यांचं मनगट धरून उभा होतो, नाडी बघत. गुलाबी रंग विटत गेला, पाण्यासारखं झालं. नाडी जशीच्या तशी.

“सोडा आता,” त्या म्हणाल्या. “रग लागली हाताला.”

त्याला बरीच वर्षं झाली. वहिनी आहेत, बागेत मजुरांवर ओरडताना रस्त्यापर्यंत ऐकू येतात. पुण्याच्या मित्राला नंतर सगळं सांगितलं. तो म्हणाला, वाहतुकीत पेशी दुखावल्या असतील. असेल. पण मग वर्षभर गप्प राहून त्या नेमक्या तेव्हाच का वाढल्या? स्पष्टीकरण त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

परवा फोनवर बोलता बोलता वहिनी खोकल्या, बराच वेळ.

“काय झालं?”

“काय नाय ओ, फोडणीचा ठसका.”

मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार... बघायला आता माझ्याकडे काहीच नाही.